रड क्रमांक चार

लिपा, ४ मार्च २०२४

रोमेल,

वर ‘अनेक आशीर्वाद’ लिहिलं होतं, हाताच्या सवयीने. खोडून टाकलंय. कागद उजेडात धरलास तर दिसेल, पण तसदी घेऊ नकोस.

एकोणीस वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून छाती फुगवू नकोस. माझी लेक डितास म्हणत होती, “ताताय, मेसेज टाका की. दोन मिनिटांचं काम.” मी म्हटलं, ज्याची खरडपट्टी काढायची त्याची शाईने काढावी.

गेल्या रविवारी टीव्हीवर तुझी मुलाखत पाहिली. पाहिली म्हणजे डितासने लावली होती आणि मी उठून जाईपर्यंत ती संपत आली होती. काय तो कोट! शवपेट्या विकणारेसुद्धा इतकं चकचकीत काही घालत नाहीत. ती सूत्रधारीण डोळे पुसत विचारते, “सर, ज्या चालीवर सगळा देश रडला, ती तुम्हाला सुचली कशी?” आणि तू खाली मान घालून सांगतोस, “काही गोष्टी आपल्याकडे चालत येतात.” चालत येतात म्हणे! जशी काही ती चाल तनावानच्या बसमधून उतरून तुझा पत्ता विचारत आली होती.

तुला विसर पडला असेल म्हणून आठवण करून देतो. २००३ साली ‘दुसरी लुसिंदा’ या मालिकेच्या संगीताचं काम तुला मिळालं, आणि तुला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. कॅथेड्रलच्या गायकवृंदासाठी माझ्या रचनांच्या प्रती काढायचास, एवढंच तुझं शिक्षण. रडकुंडीला येऊन माझ्या दारात उभा राहिलास. मी दर आठवड्याला चाली लिहायच्या, दर गुरुवारी तू त्या पिशवीत घालून केसोन सिटीच्या स्टुडिओत न्यायच्या, असं ठरलं. चालीमागे सातशे पेसो रोख. आणि माझं नाव कुठेही येता कामा नये.

हो, ती अट माझी होती. तू म्हणशील त्याआधी मीच सांगतो. मी संगीत महाविद्यालयात शिकवत होतो, बिशपसाहेबांच्या उपासनेसाठी मिस्सासंगीत रचत होतो. मालिकांना रडगाणी पुरवणारा माणूस म्हणून मला मिरवायचं नव्हतं. आमच्यातले निम्मे जण असेच लपूनछपून लिहायचे आणि एकमेकांना निर्मात्याच्या जिन्यात भेटले की दाताच्या डॉक्टरकडे आलोय म्हणून सांगायचे. म्हणून प्रत्येक भागाच्या संगीताच्या यादीत संगीतकाराच्या रकान्यात तुझं नाव पडलं. यादी गेली संगीतकारांच्या संस्थेकडे. संस्था वाहिनीकडून पैसे घेते आणि रकान्यात ज्याचं नाव, त्याला वाटते. चाल कोणाच्या डोक्यातून निघाली हे तिला कोण सांगणार!

आता ऐकतो की जूनपासून ‘दुसरी लुसिंदा’ नव्याने येतेय, नव्या नट्या घेऊन, आणि ‘रड क्रमांक चार’ ही चाल शीर्षकसंगीत होणार आहे. म्हणजे ती रोज वाजणार आणि रोज पडद्यावर संगीतकाराचं नाव येणार. ते नाव माझं हवं. आजवरचे पैसे तुला लखलाभ, पुढचेही ठेव. मला फक्त तो रकाना हवाय.

मे संपायच्या आत यादी दुरुस्त कर.

एउसेबिओ मागसिनो


लिपा, १५ मार्च

रोमेल,

पत्राला उत्तर पत्राने देतात, एवढंही तुला शिकवायचं माझ्याकडून राहिलंच. तुझा मेसेज डितासने वाचून दाखवला. “माएस्त्रोंचा हात कपाळाला लावतो.” लाव, लाव, घे आशीर्वाद. इथून तिथे पोचत नाही म्हणून बरं सुचतं. पुढे लिहितोस की जुनी यादी दुरुस्त करता येते. त्याला मूळ संगीतकाराचं नोटरीसमोरचं शपथपत्र लागतं आणि चालीचं हस्तलिखित लागतं. आणि शेवटी काय, तर “माएस्त्रोंनी त्या चालीबद्दल जरा शांतपणे आठवून पाहावं.”

मी शहात्तर वर्षांचा आहे, खुळा झालेलो नाही. मला सगळं आठवतं. तुझ्या त्या स्टुडिओत चालींना नावंसुद्धा द्यायचे नाहीत, कामावरून हाक मारायचे. ‘थप्पड दोन’. ‘सासू जिन्यावरून उतरते’. ‘स्मृती गेली’, ‘स्मृती परत आली’. आणि रड एक ते रड नऊ. कोण कशासाठी रडतंय याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं. ध्वनिमुद्रक घड्याळ लावून बसायचा आणि म्हणायचा, “आई मेली, अडतीस सेकंद, चार लावा.” त्या अडतीस सेकंदांवर यादीत खूण व्हायची. लोकांना वाटतं आपण दुःख ऐकतोय. संस्था सेकंद मोजत असते.

आणि बघणारे तरी कसे! चारिंग, माझी बायको, तुला शेवयांच्या लोमीची वाटी दोनदा भरून देणारी, ती संध्याकाळचे सात वाजले की टीव्हीसमोर ठाण मांडायची. आळीतल्या चार जणी यायच्या. चारशे भाग, एकही चुकवला नाही. जुळ्या बहिणींतली खरी कोण आणि खोटी कोण हे शेंबड्या पोराला दुसऱ्याच भागात कळलं असतं. मी आतून ओरडायचो, “आवाज कमी कर!” तर ती उलट बायकांना गप्प करायची आणि आवाज वाढवायची. महाविद्यालयातल्या प्राध्यापकाची बायको, स्वतः मुलांना पियानो शिकवणारी, आणि हे दळभद्री वेड. बारा वर्षं झाली तिला जाऊन, पण त्या मालिकेवरून मी तिला जे बोललो ते कमीच होतं असं मला अजून वाटतं.

हस्तलिखित म्हणतोस ना? पाठवतो.

ए. मागसिनो


लिपा, २५ मार्च

रोमेल,

काल झावळ्यांचा रविवार. कॅथेड्रलमध्ये गेलो. तिथे आता गिटार वाजते. गिटारसुद्धा चालली असती, पण ती सुरात असायला कोणाची हरकत आहे? माझी मिस्सा शेवटची गायली त्याला आठ वर्षं झाली. गायकवृंदाची नवी प्रमुख, वेरोनिका नावाची बाई, लगबगीने माझ्याकडे आली. मला वाटलं ईस्टरसाठी विचारतेय.

“माएस्त्रो, रोमेल काताकुतान सर तुमच्याकडे होते ना हो?”

“प्रती काढायला होता.”

“अय्या! मग त्यांना एकदा बोलवा ना इकडे. मुलांना फोटो काढायचाय त्यांच्याबरोबर.”

मी झावळी तिच्या हातात दिली आणि बाहेर पडलो. ट्रायसिकल केली. तर तो चालवणारा बाप्या वळणावळणावर शिट्टीवर तीच चाल वाजवतोय. रड चार! मी विचारलं, “ही कोणाची चाल आहे, माहीत आहे का?”

“हो की, लोलो. लुसिंदाची.” आता मी सगळ्यांचाच आजोबा.

“अरे, लुसिंदा हे पात्र आहे. पात्रं चाली रचत नाहीत.”

“मग तिच्या आईची असेल,” म्हणाला आणि ब्रेक न लावता खड्ड्यात घातली.

मूर्खांनी भरलंय हे गाव, पण त्या मूर्खांच्या तोंडी माझ्या सात मिस्सांपैकी एक ओळ नाही. हे मी तुला का सांगतोय मला कळत नाही. सात मिस्सा, दोनशेच्या वर स्तोत्रं, तीन पेट्या भरून कागद. मी गेलो की डितास महिनाभर रडेल आणि मग पेट्या वजनावर देईल, कारण तिला सूर वाचता येत नाहीत आणि घरात कसर होते. पन्नास वर्षं राबलो त्यातलं काही उरणार असेल तर ते ट्रायसिकलवाल्याच्या शिट्टीत. म्हणून मला तो रकाना हवा आहे. आता पुन्हा विचारू नकोस.

सोबत हस्तलिखित जोडलं आहे. कागद जुना आहे, हे तुझ्या लक्षात येईलच.

ए. मा.


लिपा, ९ एप्रिल

रोमेल,

अखेर पत्र लिहिलंस. अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय.

लिहितोस की मी पाठवलेल्या हस्तलिखितात तिसऱ्या ओळीच्या शेवटी सूर खाली उतरतो, नियमाप्रमाणे, घरी परत आल्यासारखा. आणि मालिकेत तो कधीच उतरला नाही. वर तसाच थांबतो आणि चाल संपते. “सगळे रडतात ते तिथेच, माएस्त्रो,” असंही लिहिलंस. मला! पट्टी बदलली की तुला घाम फुटायचा, तो तू मला माझ्याच चालीतला सूर दाखवतोस!

लिहिताना हात चुकला. वय झालंय.

बरोबर मूळ कागदाची छायाप्रत पाठवलीस, तीही पाहिली. मुलांच्या वहीतलं रुंद रेघांचं पान, एका कडेने फाटलेलं, आणि त्यावर चारिंगचं अक्षर. मग काय सिद्ध झालं? बायका नवऱ्याच्या रचनांच्या स्वच्छ प्रती काढत नाहीत? मी लिहायचो, ती उतरवायची. तिची ती गोल गोल टिंबं मी हजार वेळा पाहिली आहेत. त्या टिंबांवरून तू मला खोटं पाडणार? वीस वर्षं हा कागद जपून ठेवलास तो एवढ्यासाठीच का? चोर आहेस तू, साठेबाज आहेस, संगीतकार कधीच नव्हतास.

मी वकील बघतो. डितास म्हणते बघू नका. ती गेले काही दिवस माझ्याशी धड बोलत नाही. तूच तिचे कान भरले असणार.

ए. मागसिनो


लिपा, २१ एप्रिल

रोमेल,

काल सकाळी मी वकिलाकडे निघालो, तर डितास दारात आडवी उभी राहिली. घरात कोण काय बोललं हे परक्याला लिहायची माझी पद्धत नाही. पण तू परका नाहीस असं दिसतंय. माझ्याच घरात मी परका होतो.

“ताताय, पुरे झालं.”

“तू यात पडू नकोस.”

“मी यात वीस वर्षं पडलेली आहे. माझ्या कॉलेजची फी कुठून आली? घरावरचे नवे पत्रे कुठून आले?”

“तुझ्या आईच्या शिकवण्यांतून.”

“सहा मुलं होती तिच्याकडे. महिन्याला दोनशे पेसो देणारी, त्यातली दोन तर नातेवाइकांची, फुकट. त्यात पत्रे बसतात?”

मी म्हटलं मला हिशेब कळत नाही. ती म्हणाली, “तुम्हाला सोयीचं नसलं की कळत नाही.” मग तिने सगळं सांगितलं. त्या पानावरचं अक्षर तू तेव्हाच ओळखलं होतंस. संस्थेचा वाटा हातात आला की तू लिपाला यायचास, पोस्टामागच्या लोमीच्या दुकानात चारिंगला गाठायचास, आणि रड चारचा पैसा न् पैसा तिच्या हातात ठेवायचास. बाकीच्या चालींचा नाही, फक्त त्या एकीचा. ती गेल्यावर डितासच्या खात्यात. तू रकान्यातलं नाव बदलतो म्हणालास, तर चारिंगने तुझा हात धरला.

“का धरला?” मी विचारलं.

मी ओरडून विचारलं तेव्हा डितासने आईचे शब्द सांगितले, “नानाय म्हणाली होती, त्यांना कळलं की माझी आहे, तर ते ती चाल दुरुस्त करतील.”

रोमेल, मी वर पत्र्यांकडे पाहिलं. ज्या पत्र्यांखाली बसून मी तुला चोर म्हणत होतो, ते तिच्या चालीचे.

आता खरं लिहितो, आणि पाल्हाळ न लावता. मालिका सुरू होती त्या दिवसांत एका बुधवारी तिने मला पियानोपाशी बोलावलं होतं. “ऐका ना जरा, मी काहीतरी केलंय.” मी उभ्याउभ्याच ऐकलं. म्हटलं, तिसऱ्या ओळीत चूक आहे, सूर खाली यायला हवा. ती म्हणाली, “मला तो तिथेच हवाय.” मी हसलो. हसलो म्हणजे कसा, ते तुला माहीत आहे, तूही ते हसणं खाल्लेलं आहेस. दुसऱ्या दिवशी तू दारात, आणि मला एक चाल कमी पडत होती. तिची वही पियानोवर होती. पान फाडलं आणि तुझ्या पिशवीत सरकवलं. तिला विचारलं नाही. विचारावं असं मनातही आलं नाही. सातशे पेसोही मीच घेतले.

फाटलेली कड तिने पाहिली असणार. बोलली नाही. आणि मग एका संध्याकाळी टीव्हीवर तिला स्वतःची चाल ऐकू आली. चारशे भाग ती सात वाजता तिथे बसायची. मी आतून आवाज कमी कर म्हणून खेकसायचो, कारण मला वाटायचं ती लुसिंदासाठी रडतेय.

गेल्या महिन्यात जुन्या कागदावर ती चाल लिहायला बसलो तेव्हा मला ठाऊक होतं ती माझी नाही. ठाऊक असूनही लिहिली, आणि लिहिताना सवयीने तो सूर खाली उतरवला. म्हणजे तिने मला बरोबर ओळखलं होतं. मी तुला चार पत्रांत जे जे म्हटलं, चोर, साठेबाज, ते सगळं मला लागू पडतं, आणि तुला एकही शब्द लागू पडत नाही. माफी कशी मागतात ते मला येत नाही, आणि या वयात वाईट मागितली तर ती तुझीच थट्टा होईल.

ए. मा.


लिपा, ३ मे

रोमेल,

तुझं पत्र मिळालं. काय ती उदारता! चारिंगचं बाप्तिस्म्याचं नाव रोझारियो, तेही लक्षात ठेवलंस. “मूळ चाल रोझारियो मागसिनो, संगीतरचना एउसेबिओ मागसिनो, दोघांची नावं घालू, माएस्त्रो, कोणालाच दुखवायला नको.” मला तुझी दया नको. माझी संगीतरचना त्यात कुठली? पान फाडलं ती?

काल डितासबरोबर नोटरीकडे गेलो. तिथली कारकून बाई अर्ज मोठ्याने वाचत होती, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा.

“संगीतकार, रोझारियो मागसिनो, मयत. अर्जदार?”

“नवरा.”

“अर्जदाराचा या संगीतनिर्मितीत काही वाटा?”

डितासने माझ्याकडे पाहिलं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिली. मी म्हटलं, “काही नाही.”

“इथे लिहावं लागेल, लोलो.”

मी लिहिलं. माझ्याच अक्षरात, शाईने. रांगेतला एक म्हातारा विचारत होता की कुठली चाल, तर त्या बाईने खुर्चीतच ती गुणगुणून दाखवली, सबंध, आणि तो सूर वर तसाच ठेवला. कोणी शिकवलं नव्हतं तिला. मी रांगेत उभा राहून ऐकलं आणि शिक्का मारून घेतला.

अर्ज सोबत आहे. यादीत तिचं पूर्ण नाव घाल, रोझारियो दिमायुगा मागसिनो. माहेरचं नाव गाळू नकोस. पैसे डितासला. आणि नव्या मालिकेसाठी वाद्यवृंद बसवणारा कोण आहे ते बघ. असल्या मंडळींत माझ्यासारखा एखादा दीडशहाणा असतोच. त्याने तो सूर खाली आणला, तर त्याची बोटं मोडून ठेव आणि माझं नाव सांग.

तू प्रती काढायला आलास त्या दिवसापासून तुझं एकदाही कौतुक केलं नाही मी. तिचंही नाही. चाळीस वर्षं ती माझ्या शेजारच्या खोलीत वाजवत होती आणि मी दार लोटून घ्यायचो. ती चाल चांगली आहे, रोमेल. माझ्या सातही मिस्सांपेक्षा चांगली आहे. हे मला तिला सांगायचं होतं. आता तुलाच लिहितोय, कारण आम्हा दोघांचेही सूर ओळखणारा आता तूच उरला आहेस.

एउसेबिओ